पांढरी चिठ्ठी, गुलाबी चिठ्ठी

दिवाळीची सुट्टी लागायच्या बेतात असताना केंद्रप्रमुखांनी आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर निवडणुकीच्या नेमणुका टाकल्या. माझ्या नावापुढं 'मतदान केंद्राध्यक्ष' लिहिलेलं होतं. याआधी मी पाच निवडणुका केल्या आहेत, कधी एक नंबरचा अधिकारी म्हणून यादी धरून, कधी दोन नंबरचा म्हणून शाई लावत. पण केंद्राची जबाबदारी पहिल्यांदाच आली होती. आणि पहिल्यांदाच एका आदेशावर दोन निवडणुका होत्या: नांदेड लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक आणि महाराष्ट्र विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक. दोन्हींचं मतदान एकाच दिवशी, २० नोव्हेंबर २०२४ ला.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "आता उन्हाळ्यातच झाली की रे लोकसभा."

झालीच होती. २६ एप्रिलला, उन्हाचा कडाका असताना, आम्ही सगळे त्या कामात होतो. जूनमध्ये निकाल लागला आणि काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी निवडून आले. नायगावच्या सरपंचपदापासून सुरुवात केलेला माणूस, जिल्हा परिषद, विधान परिषद, विधानसभा असं करत उतारवयात दिल्लीला पोचला. आणि २६ ऑगस्टला हैदराबादच्या दवाखान्यात उपचार सुरू असताना ते गेले. निवडून आल्यापासून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यानंतर आठवड्याभरातच आमच्याकडं असा पाऊस झाला की सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या. पंचनामे, मदत, विमा यांत माणसं बुडाली आणि जिल्ह्याची लोकसभेची जागा रिकामी आहे ही गोष्ट गावागावांत मागं पडली. मला ती प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये बसल्यावर खऱ्या अर्थानं आठवली.

प्रशिक्षण म्हणजे 'सगळं दुप्पट' एवढंच आधी कळलं. कंट्रोल युनिट (अधिकाऱ्यानं बटन दाबून मशीन मतासाठी तयार करायचं ते) दोन, व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) दोन, बॅलेट युनिट (मतदारानं बटन दाबायचं ते) दोन्हीकडची वेगळी, मतदान कक्ष दोन, नमुना १७-क (मतांच्या हिशेबाचा कागद) दोन, अभिरूप मतदानाची (खऱ्या मतदानाआधीच्या चाचणीची) प्रमाणपत्रं दोन, पाकिटांचे गठ्ठे दोन. केंद्राध्यक्ष धरून सहा माणसांचं पथक. मतदाराची सही मात्र एकाच नोंदवहीत आणि शाई एकाच बोटाला. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. तीन नंबरच्या अधिकाऱ्यानं मतदाराला दोन चिठ्ठ्या द्यायच्या, त्याही पांढरी आणि गुलाबी. पांढरी घेऊन तो चार नंबरकडं जाणार, लोकसभेचं मत देणार. मग गुलाबी घेऊन पाच नंबरकडं, विधानसभेचं मत देणार. फळ्यावर बाणांनी काढल्यावर हे फार सोपं दिसतं.

दुसऱ्या प्रशिक्षणाच्या वेळी आम्ही आमचं स्वतःचं मतही टपाली मतपत्रिकेनं तिथंच सुविधा केंद्रात दिलं. इथंही दोन मतपत्रिका. मला हे मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण शिकवणारी माणसंच इथं चुकतात. मतपत्रिका छोट्या पाकिटात, ते पाकीट मोठ्या पाकिटात, आणि साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र छोट्या पाकिटात न घालता मोठ्या पाकिटात वेगळं ठेवायचं. प्रतिज्ञापत्र राहिलं किंवा त्यावर सही राहिली तर मत उघडून न बघताच बाद होतं. माझ्या शेजारच्या सरांनी एका निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र भरलं आणि दुसऱ्याचं कोरंच घडी घालत होते. हाताला धरून थांबवलं. ते मत लोकसभेचं होतं. सगळ्यांचं असंच चाललं होतं; विधानसभेचे उमेदवार तालुक्यातले, ओळखीचे, त्यांच्या गप्पा रंगलेल्या, आणि लोकसभेचा कागद त्याखाली दबलेला.

मला २०२१ ची देगलूरची पोटनिवडणूक आठवत होती. रावसाहेब अंतापूरकर कोरोनात गेले आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिथं विधानसभेची पोटनिवडणूक झाली. ती एकटीच होती, म्हणून सगळ्या राज्याचे पुढारी देगलूर-बिलोलीच्या रस्त्यांवर दिसायचे. चहाच्या टपरीवरच्या पोरालासुद्धा माहीत होतं की जागा कोणाची, का रिकामी झाली, कोण उभं आहे. यावेळी अख्ख्या लोकसभा मतदारसंघाची जागा रिकामी होती, आणि भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर, मुखेड या सहाही ठिकाणी भिंती, भोंगे, जेवणावळी सगळं विधानसभेचं. पोटनिवडणूक सार्वत्रिक निवडणुकीबरोबर घेतली की खर्च वाचतो, माणसं वाचतात, हे मला मान्य आहे. पण ती झाकली जाते, हेही मी डोळ्यांनी पाहिलं.

बीडच्या दाजींना फोन केला. तेही शिक्षक. २०१४ मध्ये त्यांनी हेच केलं होतं. ३ जूनला गोपीनाथ मुंडे दिल्लीत अपघातात गेले आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेबरोबर बीड लोकसभेची पोटनिवडणूक झाली. प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. तोवर देशात लोकसभेला एवढं मताधिक्य कोणालाच मिळालं नव्हतं. दाजी म्हणाले, "आमच्याकडं लोकसभेचं मशीन कुठंय हे कोणाला सांगावं लागलं नाही. बाया डोळे पुसत यायच्या आणि आधी तेच विचारायच्या. तुझ्याकडं तसं असंल असं धरून चालू नको." मग कामाचं सांगितलं: "दोन्ही कक्ष एकमेकांपासून जितके लांब लावता येतील तितके लाव. आणि पाच नंबरला तुझा सगळ्यात सावध माणूस बसव. पहिल्या मशीनची मत पडल्याची शिट्टी ऐकल्याशिवाय त्यानं दुसरं बटन दाबायचंच नाही."

हा सल्ला मी अर्धाच पाळला. त्याचं पुढं लिहितो.

१९ तारखेला सकाळी साहित्य वाटप. मंडपात टेबलांच्या रांगा, माइकवर गावांची नावं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर पिशव्या. आम्ही सतरंजीवर बसून प्रत्येक मशीनचा नंबर यादीशी ताडून पाहिला. दोन्ही संचांवर कोणतं मशीन कोणत्या निवडणुकीचं त्याची चिकटपट्टी आहे का ते पाहिलं. आमच्या एका पिशवीत लोकसभेच्या कागदी सीलांचा लिफाफा नव्हता. तासभर रांगेत उभं राहून तो आणला. पथकात दोन मॅडम, एक ग्रामसेवक, दोन शिक्षक आणि मी. बंदोबस्ताला एक पोलीस आणि एक होमगार्ड. दुपारी दोनला एसटी निघाली. तीन गावांची तीन पथकं एका गाडीत, मशीन मांडीवर, कारण खाली ठेवायला कोणाचं मन धजत नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही. वाटेत दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, मधेच हरभऱ्याची नुकती उगवण. शाळेत पोचलो तेव्हा बीएलओ असलेल्या, म्हणजे गावची मतदार यादी सांभाळणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई आणि कोतवाल वाट बघत होते. खोली एकच, तीही लांबट. दोन कक्ष, पाच टेबलं, उमेदवारांच्या प्रतिनिधींची बाकं, येण्याचं दार आणि जाण्याचं दार हे सगळं त्यात बसवायला संध्याकाळ गेली. व्हीव्हीपॅटवर थेट उजेड पडता कामा नये, म्हणून खिडकी झाकायची होती. कोतवालानं वर्तमानपत्र आणलं. उलगडलं तर पानभर उमेदवाराचा फोटो. ते परत दिलं आणि वह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. मशीनच्या जोडण्यांत एकच भीती होती, एका संचाची वायर दुसऱ्याला लागण्याची. बॅलेट युनिटची वायर व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला. म्हणून एक संच खोलीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. खरी जोडणी सकाळी प्रतिनिधींसमोर, पण कोणती वायर कुठून जाईल ते रात्रीच खडूनं जमिनीवर काढून ठेवलं.

पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी भाकरी, पिठलं आणि ठेचा आणून दिला. दोन्ही मॅडम बीएलओ ताईंच्या घरी मुक्कामाला गेल्या. आम्ही ओट्यावर बसलो होतो. पोलीसपाटील आले, त्यांच्याबरोबर धोतर नेसलेले एक आजोबा. पंचाहत्तरीच्या पुढचे असतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"गुरुजी, एक इचारू का? उन्हाळ्यात टाकलं की दिल्लीचं मत. त्येचं काय झालं?"

मी सांगितलं की ज्यांना निवडून दिलं ते खासदार वारले, म्हणून जागा रिकामी झाली. हे त्यांना माहीत होतं. त्यांचं विचारणं वेगळं होतं.

"ते ठावं हाय. आमी टाकलेलं मत बी संगंच गेलं का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं तर ते गेलंच होतं. खासदार वारला तर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला बोलावत नाहीत, पक्षाला माणूस नेमता येत नाही. लोकांकडंच परत यावं लागतं. मी तसं सांगितलं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१-अ आहे, त्याप्रमाणं जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. आपली जागा ऑगस्टच्या शेवटी रिकामी झाली, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत मुदत. विधानसभेची मुदत नोव्हेंबरमध्येच संपत होती म्हणून दोन्ही एकत्र घेतल्या.

"घ्यावीच लागती म्हंता?" पोलीसपाटलांनी विचारलं.

इथं मला खरं ते सांगणं भाग होतं. कायद्यात दोन वाटा आहेत: सभागृहाची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर, किंवा निवडणूक आयोगानं केंद्र सरकारशी बोलून निवडणूक घेणं अवघड आहे असं ठरवलं तर, ती होत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये पुण्याचे गिरीश बापट गेले, मेमध्ये चंद्रपूरचे बाळू धानोरकर गेले. दोन्ही ठिकाणी पोटनिवडणूक झालीच नाही. पुण्याचं प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, आणि तोवर नवी लोकसभा दारात आली. पुण्यासारख्या शहराला वर्षाहून जास्त काळ खासदार नव्हता. हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं होतं, आजही वाटतं. चार महिन्यांसाठी कोणी निवडून आला असता तरी त्या चार महिन्यांत बोलला असता.

"मंग आता नांदेडचं कुणी न्हाई का तिथं बसलेलं?" आजोबा.

"राज्यसभेत आहेत आपल्या जिल्ह्यातली माणसं. पण तुम्ही बटन दाबून पाठवलेलं आज तरी कोणी नाही."

आजोबांनी मान हलवली. पोलीसपाटलांना मग जुनी आठवण निघाली: शंकरराव चव्हाण १९८६ मध्ये मुख्यमंत्री होऊन मुंबईला गेले, नांदेडची जागा मोकळी झाली, आणि १९८७ च्या पोटनिवडणुकीत अशोक चव्हाण पहिल्यांदा लोकसभेत गेले. तेव्हा शिक्के होते, पेट्या होत्या, पाटील स्वतः पोरसवदा होते. त्याच सुमारास केरळमध्ये वायनाडची पोटनिवडणूक झाली होती, त्यावरही होमगार्डनं विचारलं. ती जागा मृत्यूनं रिकामी झालेली नव्हती. राहुल गांधी दोन ठिकाणांहून निवडून आले, एक सोडणं भागच होतं, त्यांनी वायनाड सोडलं. "म्हंजे तिथं माणूस असून जागा रिकामी," आजोबा म्हणाले, आणि काठी टेकत उठले.

रात्री झोप आली नाही. साडेचारला अंघोळ करून खोली उघडली.

मतदान सातला सुरू होतं, त्याआधी दीड तास अभिरूप मतदान घ्यायचं. साडेपाचला तीन प्रतिनिधी आले होते, चौथा धावत आला. व्हीव्हीपॅटच्या मागची खुंटी आडवी असते तोवर ते प्रवासात, उभी केली की कामावर. दोन्ही उभ्या केल्या. प्रत्येक संचावर किमान ५० मतं, 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) धरून प्रत्येक बटन दाबून. मग क्लोज, रिझल्ट, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून आकडा जुळवायचा, मग क्लिअर. हे एकदा करायलाच पाऊण तास लागतो. आम्हाला दोनदा करायचं होतं. म्हणून मी लोकसभेकडं थांबलो आणि एक नंबरच्या सरांना विधानसभेकडं उभं केलं. प्रतिनिधी सगळे विधानसभेच्या मशीनभोवती गोळा झाले. मी दोघांना नावानं हाक मारून बोलावलं आणि सांगितलं, "हेही तुमचंच आहे. इकडच्या चिठ्ठ्या कोण मोजणार?" मग ते आले आणि नीट मोजल्या. चिठ्ठ्यांच्या मागं अभिरूप मतदानाचा शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात, लिफाफा डबीत, डबीवर गुलाबी सील. यंत्र शून्यावर आणल्याचं सगळ्यांना दाखवलं. सात वाजायला तीन मिनिटं असताना शेवटची सही झाली. बाहेर रांग लागली होती. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सगळ्यात पुढं, डोक्याला फडकी बांधून, कमरेला ओट्या खोचून.

पहिल्या तासातच गोंधळ कळला. माणसं विधानसभेसाठी आलेली होती. दोन चिठ्ठ्या हातात पडल्या की पांढरी मुठीत राहायची आणि पाय गुलाबीकडं वळायचे. एकजण तर पांढरी चिठ्ठी पावती समजून खिशात घालून निघाला. चार नंबरच्या मॅडमनी युक्ती काढली आणि म्हणायला सुरुवात केली, "पांढरी दिल्लीची, गुलाबी मुंबईची." लगेच लोकांना उमगायला लागलं. पण एका प्रतिनिधीनं हरकत घेतली: दिल्ली म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर दिल्लीत सत्तेत कोण ते येतं. मला क्षणभर राग आला, पण त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. मतदाराच्या कानावर आपल्याकडून एकही जादा शब्द पडू नये. मग ठरलं, फक्त एवढंच म्हणायचं: "आधी पांढरी, मग गुलाबी. दोन्हीकडं शिट्टी वाजू द्या." दिवसभर मॅडमनी हे शेकडो वेळा म्हटलं. संध्याकाळी त्यांचा घसा बसला होता.

साडेदहाच्या सुमाराला हैदराबादेत कामाला असलेली माणसं दोन टेम्पो भरून आली. पंधरावीस तरणी पोरं, बायका, कडेवर लेकरं. त्यांच्यातल्या एका पोरानं नोंदवहीत सही केली आणि चार नंबरपाशी म्हणाला, "मला फक्त विधानसभेला टाकायचंय. लोकसभेला नाही टाकत." समजावून सांगणं माझं काम नव्हतं. नोटाचं बटन आहे एवढं सांगितलं. तो नको म्हणाला. मग नियम ४९-ओ प्रमाणं नोंदवहीत शेरा लिहिला, त्याची सही घेतली आणि त्याला पुढं जाऊ दिलं. त्यानं ठरवून मत दिलं नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि त्याची नोंद झाली.

पुढचं मात्र माझ्या मनातून जात नाही. दर दोन तासांनी किती टक्के मतदान झालं ते कळवायचं असतं. एक वाजताचा आकडा मी मोबाइलवर भरत होतो. रेंज नव्हती, म्हणून दारापाशी जाऊन हात वर करून उभा होतो. त्याच वेळी एक म्हातारी आत आली, नातीच्या आधारानं. नात दारात थांबली. चार नंबरच्या मॅडमनी पांढरी चिठ्ठी घेतली, बटन दाबलं, लोकसभेचं मशीन तयार झालं. आजी कक्षामागं गेल्या, तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि काही न दाबता बाहेर आल्या. हे नंतर लक्षात आलं. बाहेर रांगेत भांडण सुरू झालं होतं, कोलाहल होता, शिट्टी वाजली की नाही कोणाच्या कानावर आलं नाही. पाच नंबरच्या सरांनी गुलाबी चिठ्ठी घेतली आणि दुसरं बटन दाबलं. तिथं आजींनी मत दिलं, मोठी शिट्टी वाजली, काम झालं असं समजून त्या निघून गेल्या.

पुढच्या मतदाराच्या वेळी मॅडमच्या लक्षात आलं की लोकसभेच्या कंट्रोल युनिटवर अजून बिझीचा दिवा लागलेलाच आहे. त्यांनी मला हाक मारली. कोतवालाला बाहेर पळवलं. तोवर नात आजीला मोटारसायकलवर बसवून मळ्याकडं घेऊन गेली होती. अशा वेळी काय करायचं ते पुस्तिकेत आहे: पुढच्या मतदारासाठी बटन पुन्हा दाबायचं नाही, त्याला थेट कक्षात पाठवायचं, आणि निघून गेलेल्या मतदारापुढं शेरा लिहायचा. तसं केलं. हिशेब बरोबर राहिला. पण त्या आजी मत द्यायला आल्या होत्या. सही येत नव्हती म्हणून त्यांनी अंगठा दिला होता. शाई लावून घेतली होती. त्यांना उठवत नसताना आणलं गेलं होतं. आणि त्यांचं लोकसभेचं मत आमच्या खोलीत, आमच्या समोर, राहून गेलं. दाजींनी सांगितलं होतं, पाच नंबरला सगळ्यात सावध माणूस बसव. सर सावध नव्हते असं मी म्हणणार नाही. ते तर सकाळपासून पाण्यालाही उठले नव्हते. त्या दोन मिनिटांत माझं लक्ष खोलीत असायला हवं होतं, ते टक्केवारीत होतं.

त्यानंतर मी खुर्ची उचलून दोन्ही टेबलांच्या मधे टाकली आणि प्रत्येक मतदाराच्या दोन्ही शिट्ट्या स्वतः ऐकल्या. आकडा कळवायचं काम ग्रामसेवकांना दिलं. दुपारी तीनला ओट्यावरचे कालचे आजोबा आले. पांढरी चिठ्ठी पुढं धरूनच आत आले, जणू तेवढ्यासाठीच आले होते.

सहा वाजता दार लावलं तेव्हा रांगेत बरीच माणसं होती. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढं चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे मागून कोणी घुसणार नाही. सात वाजून गेल्यावर शेवटचं मत पडलं. दोन्ही मशीनचं क्लोज बटन दाबलं, टोटल पाहिली. लोकसभेचा आकडा विधानसभेपेक्षा दोननं कमी. एक तो पोरगा, एक त्या आजी. दोन्ही नमुना १७-क भरून प्रतिनिधींना प्रती दिल्या. एका प्रतिनिधीनं विचारलं, "सर, हे दोन कुठं गेले?" मी नोंदवही उघडून दोन्ही शेरे दाखवले. त्यानं वाचले आणि सही केली.

साहित्य जमा करताना रात्रीचे दोन वाजले. एसट्यांची रांग फाट्यापर्यंत. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी ही कामं केली त्यांना माहीत आहे. फक्त एक सांगतो, दुसऱ्यांदा सगळं तपासून घेणारा कारकून मुलगा होता, डोळे लाल झालेले, तरी त्यानं लोकसभेचा प्रत्येक कागद विधानसभेइतक्याच काळजीनं पाहिला. मला बरं वाटलं.

२३ तारखेला मी घरी होतो. राज्याचं चित्र दुपारपर्यंत स्पष्ट झालं. आमच्या सहाही विधानसभा जागा महायुतीकडं गेल्या: चार भाजपला, नांदेडच्या दोन शिवसेनेला. लोकसभेचा आकडा मात्र शेवटपर्यंत हलत राहिला. वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण काँग्रेसकडून, डॉ. संतुकराव हंबर्डे भाजपकडून. शेवटी रवींद्र चव्हाणांना ५,८६,७८८ आणि हंबर्डेंना ५,८५,३३१. फरक १,४५७.

मी वहीत भागाकार केला. सहा मतदारसंघांवर वाटला तर एकेका मतदारसंघाला २४३ मतंसुद्धा येत नाहीत. जूनमध्ये ५९,४४२ चा फरक होता, पाच महिन्यांत तो एवढा झाला. दहा वर्षांपूर्वी बीडला जवळपास सात लाखांचा फरक होता, तोही खासदाराच्या मृत्यूनंतरच्या पोटनिवडणुकीत, त्याही वेळी विधानसभेबरोबरच मतदान. दाजींना फोन केला तर ते म्हणाले, "सहानुभूतीचं गणित कोणी सांगायला लागलं तर त्याला हे दोन आकडे दाखव." माझ्या डोक्यात मात्र दुसरंच होतं. सहाही विधानसभा एकीकडं आणि लोकसभा दुसरीकडं, म्हणजे कितीतरी माणसांनी एकाच खोलीत, चार पावलांच्या अंतरावर, दोन वेगळी बटनं विचार करून दाबली होती. आम्हाला वाटत होतं लोकांना लोकसभेचं भानच नाही. पांढरी चिठ्ठी मुठीत राहत होती हे खरं, पण ज्यांनी ती दिली त्यांनी काय करायचं ते घरूनच ठरवून आणलं होतं.

आणि टपाली मतांत बाद झालेली किती असतील, मुठीत राहिलेल्या चिठ्ठ्या किती केंद्रांवर असतील, शिट्टी न वाजवता किती आज्या घरी गेल्या असतील, हा विचार त्या रात्री मला झोपू देईना. १,४५७ हा आकडा तसा विचार करायला लावतो.

२८ नोव्हेंबरला, गुरुवारी, लोकसभेत नव्या खासदारांची शपथ झाली; वायनाडहून आलेल्या प्रियंका गांधी आणि आमचे रवींद्र चव्हाण, दोघांचीही त्याच दिवशी. २६ ऑगस्टपासून मोजले तर नांदेडची जागा ९४ दिवस रिकामी होती. मधल्या सुट्टीत पोलीसपाटलांना फोन लावला.

"पाटील, त्या दिवशी ओट्यावर आलेले आजोबा. त्यांना सांगा, शपथ झाली म्हणून. आता आहे आपलं माणूस तिथं."

"सांगतो की. आत्ता लाइट आली म्हून हरभऱ्याला पाणी द्यायलालेत. संध्याकाळी गाठतो."

"आणि ती आजी, नातीबरोबर मोटारसायकलवर आलेली?"

"कोन्ती वो? ती मळ्यातली? हाय की, बरी हाय. काय काम व्हतं?"

काही नाही म्हणालो. घंटा झाली होती.